चिमण्यांचा पक्ष

येरेमेय तिखोनोविचच्या एका शब्दाने एक राजकीय पक्ष बुडाला. शब्द अगदी साधा होता, "नाही."

ऑक्टोबरातली सकाळ होती. त्याची बायको कापितोलिना पक्षाच्या कागदांची बोचकी घेऊन वाचनालयात गेली होती आणि हा स्वयंपाकघरात कोबी चिरत बसला होता. हिवाळ्याचा पिंपभर कोबी खारवायचा म्हणजे दोन दिवसांचं काम. दार वाजलं. हात पुसत त्याने उघडलं तर उंबऱ्यापलीकडे शहरी कोटातला एक माणूस, काखेत फाइल.

"लहान शहरांच्या पक्षाचे सदस्य आहात का तुम्ही?" माणसाने विचारलं.

आता उस्त-लोवा गावात एक गोष्ट कुणाला शिकवावी लागत नाही. फाइलवाला माणूस दारात आला की तो काय विचारतोय ते ऐकत बसायचं नाही. नाही म्हणायचं. येरेमेयच्या आजोबांना सदतीस सालच्या धरपकडीत अशाच एका माणसाने विचारलं होतं, देवळातली घंटा तुम्हीच वाजवायचात ना? आजोबा ऐटीत म्हणाले, हो, मीच. ते काही परत आले नाहीत. येरेमेयच्या आईने लेकराला चालायला शिकवायच्या आधी हे शिकवलं होतं.

"नाही," येरेमेय म्हणाला. "मला काही ठाऊक नाही. घरात कुणी नाही. मला ताप आहे."

माणसाने एक रेघ मारली, मान हलवली आणि गेला. येरेमेयने दार लावलं, पुन्हा पाटावर बसला, अर्धा गड्डा चिरला आणि मग सुरी त्याच्या हातातच राहिली. तो तसाच सपाता घालून रस्त्यावर धावला. गाडी केव्हाच वळणापलीकडे गेली होती.

त्याची चूक किती मोठी, ते कळायला हा पक्ष काय होता ते कळायला हवं.

उस्त-लोवा हे लोवा नदीच्या काठचं आठ हजार वस्तीचं गाव. येरेमेय चाळीस वर्षं त्या नदीवरच्या बोयांचे, म्हणजे बोटींना वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांचे, दिवे सांभाळायचा, आणि कापितोलिना साव्विश्ना तारघरात होती. सत्त्याण्णव साली प्रांताच्या राजधानीतल्या साहेबांनी ठरवलं की या गावाला फेरीबोट नको आणि प्रसूतिगृहही नको. गरोदर बायांनी नव्वद किलोमीटर खड्ड्यांतून जावं आणि पलीकडच्या काठच्या लोकांनी पोहत यावं. कापितोलिना बोलायला फटकळ, पण तिचा राग तारेसारखा मोजक्या शब्दांत यायचा. तिने घरोघर जाऊन सांगितलं, "रडू नका. तार करा." तीन आठवड्यांत राज्यपालांच्या टेबलावर अकराशे तारा पडल्या. प्रत्येकीत एकच वाक्य होतं, 'आम्ही इथेच जन्मलो, इथेच जन्म देणार.' शेवटी म्हणे राज्यपालांनीच विनवलं की त्या बाईला आवरा.

बोट राहिली. प्रसूतिगृहही राहिलं. त्या वर्षी तिथे एकोणचाळीस पोरं जन्मली आणि गावात त्यांना आजही चिमण्यांची पोरं म्हणतात.

चिमण्या अशासाठी की, त्याच सुमारास मॉस्कोत कुणीतरी देशभरातल्या असल्या गावांची मोट बांधून लहान शहरांचा पक्ष काढला होता. कापितोलिनाने उस्त-लोवात त्याची शाखा उघडली तेव्हा नगराध्यक्ष भर सभेत हसून म्हणाले, "हा कसला पक्ष? या तर चिमण्या! टाळी वाजवली की उडतील." दुसऱ्या दिवशी फेरीबोटीचा कप्तान अवेर्यान लुकिच याने ओकच्या फळीवर एक चिमणी कोरली, छाती फुगवलेली, चोच वर केलेली, आणि ती पाटी शाखेच्या दारावर ठोकली. मोठ्या पक्षांच्या पाट्यांवर मोठमोठी जनावरं असतात. असू देत बापडी. पुढच्या निवडणुकीत नगरपरिषदेत चिमण्यांच्या तीन जागा आल्या आणि टाळ्या वाजवणारे नगराध्यक्ष आपल्या मेव्हण्याच्या लाकूडवखारीत मॅनेजर झाले.

येरेमेयला राजकारणातलं ओ की ठो कळत नव्हतं. तो सदस्य झाला तो बायकोखातर, आणि खरं सांगायचं तर तिच्याकडे बघत बसायला मिळावं म्हणून. सभेत ती इतिवृत्त लिहायची. कोण काय म्हणालं, कोण शिंकलं, कुणी किती वेळा एकच मुद्दा उगाळला, सगळं टिपायची. एकदा लिहिलेली ओळ तिने कधी खोडली नाही. "तारेत खाडाखोड नसते," ती म्हणायची. मागच्या बाकावर बसून येरेमेय शेजाऱ्याला कोपराने ढोसायचा, "बघ, बघ, लिहितेय." तिचा त्याला इतका अभिमान होता की कधी कधी त्याला त्या अभिमानाचीच लाज वाटायची.

मग वरून कायदा आला. पक्षाला देशभरात पन्नास हजार सदस्य हवेत, आणि निम्म्याहून जास्त प्रांतांत प्रत्येकी किमान पाचशे. नाहीतर पक्ष बरखास्त. कापितोलिनाने बोटीने, बसने, एकदा तर दुधाच्या ट्रकमधून प्रांत पालथा घातला आणि पाचशे तीन माणसं जमवली. पाचशे तीन खरी, श्वास घेणारी, स्वतःच्या हाताने सही केलेली माणसं. पडताळणीला माणूस येईल, तो दार ठोठावून विचारेल, हेही तिने घरोघर बजावलं. "घाबरून नाही म्हणू नका. हो म्हणा आणि दार लावून घ्या," अशी प्रत्येकाच्या दारामागे चिठ्ठी चिकटवून आली. पाचशे दोन दारांमागे चिठ्ठी होती. आपल्या घरात ती लावायची असते हे तिच्या मनातही आलं नाही.

पडताळणीवाल्याने प्रांतभर चाळीसेक दारं ठोठावली. चौघे नाही म्हणाले.

न्यायालयाच्या कागदावर ते असं आलं: 'नोंदणीकृत सदस्य ५०३. सदस्यत्व नाकारणारे ४. ग्राह्य ४९९.' कमी पडलेल्या प्रांतांच्या यादीत उस्त-लोवाच्या प्रांताचं नाव वाचलं गेलं आणि पक्ष बरखास्त झाला. कापितोलिना तो कागद हातात धरून खिडकीपाशी उभी राहिली.

"मॉस्कोत त्यांनी बुडवायचं ठरवलंच होतं, तर बुडवलं असतं," ती म्हणाली. "पण कमी पडले त्यांत आपलं नाव यायला नको होतं रे, येरेमेय. आपण कमी पडलो नव्हतो."

तेव्हा त्याने सांगायला हवं होतं. त्याने तोंड उघडलंही होतं. पण ती रडत होती, आणि चौतीस वर्षांच्या संसारात त्याने तिला रडताना पाहिलं नव्हतं. त्याने तोंड मिटलं.

दोनच दिवसांत कापितोलिनाने गुन्हेगार शोधून काढला, अवेर्यान लुकिच. पडताळणीच्या आदल्या आठवड्यात उमेदवारांच्या यादीवरून तो भर सभेत ओरडला होता, "असल्या पक्षात कुत्रंसुद्धा राहायचं नाही!" आणि दार आपटून गेला होता. इतिवृत्तात ते शब्दशः होतं. तिने त्याला भररस्त्यात गाठलं.

"तुम्ही नाही म्हणालात ना?"

अवेर्यानने हातातली बादली खाली ठेवली. "तुम्हाला तसं वाटतं, कापितोलिना साव्विश्ना?"

"वाटतं."

"मग वाटू द्या," तो म्हणाला, आणि त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. धक्क्याजवळच समोरासमोर घरं, मध्ये रस्ता, रस्त्यावर पाणपंप. एक पंपावर असला की दुसरा बादली घेऊन परत फिरायचा. येरेमेय मात्र हिवाळ्यात बर्फात भोक पाडून मासे धरायचा आणि त्यातला निम्मा वाटा गुपचूप अवेर्यानच्या ओसरीवर ठेवून यायचा. अवेर्यानला वाटायचं, बोटीवरचे जुने खलाशी ठेवतात.

अशी सहा वर्षं गेली.

मग एके दिवशी मॉस्कोहून पक्षाच्या जुन्या अध्यक्षांचा फोन आला. कापितोलिना तेव्हा टोमॅटोच्या रोपांना पाणी घालत होती. तिने फोन कानाला लावला, ऐकलं, "बरं," म्हणाली, पुन्हा ऐकलं, "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला. उरलेल्या रोपांना पाणी घातलं. मग स्टुलावर बसली.

"आपली बरखास्ती चुकीची होती," ती म्हणाली. "निकाल फिरवला. कायदाही बदलला. आता अख्ख्या देशात पाचशे सदस्य पुरतात. पाचशे, येरेमेय! तेवढे तर मी एकटीने आणले होते."

"म्हणजे पक्ष परत?"

"परत. मे महिन्यात मॉस्कोत अधिवेशन. त्याआधी प्रत्येक शाखेने सभा घेऊन दोन प्रतिनिधी निवडायचे." तिचे कान लाल झाले होते, तारघरात लागलेली नवी मुलगी होती तेव्हा व्हायचे तसे. "आणि खटल्याचे कागद ज्याचे त्याला परत पाठवताहेत. पडताळणीची यादी. खोडलेल्या नावांसकट."

येरेमेयने पाण्याची झारी उचलली आणि पाणी घातलेल्या रोपांना पुन्हा पाणी घालू लागला.

पाकीट आठवड्याने आलं, आणि टपालघरातून ते आणायला तिने त्यालाच पाठवलं. जाड पिवळं पाकीट, चारही बाजूंनी चिकटपट्टी. येताना तो धक्क्यावर थांबला. बर्फ नुकता वाहून गेला होता, नदी तपकिरी आणि घाईत होती. चाळीस वर्षं या पाण्यावर त्याने दिवे लावले होते. ते कुठे खोल आहे, कुठे भोवरा आहे, टाकलेली वस्तू कुठे कधीच वर येत नाही, त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? पाकिटाला दगड बांधायला त्याच्या खिशात दोरीही होती; त्याने ती काढून बांधलीसुद्धा. टपालात हरवलं म्हणता आलं असतं, आपल्या टपालात काय हरवत नाही? पण मग कापितोलिना मरेपर्यंत अवेर्यानलाच धरून बसली असती, आणि तो मरेपर्यंत 'वाटू द्या' म्हणत राहिला असता. येरेमेयने दोरीची गाठ सोडली, दोरी खिशात घातली आणि घरी जाऊन पाकीट टेबलावर ठेवलं.

"मी उघडणार नाही," कापितोलिना म्हणाली. "सभेतच उघडेन. सगळ्यांसमोर."

सभा धक्क्यावरच्या प्रतीक्षाखोलीत भरली. अवेर्यानला अर्थातच निमंत्रण नव्हतं. एकतीस माणसं आली. सहा वर्षांत काही म्हातारी झाली होती, काहींच्या काठ्या आल्या होत्या, पण बायकांनी ठेवणीतले रुमाल बांधले होते आणि एकाने तर जुना सदस्यपत्राचा पुठ्ठा इस्त्री करून आणला होता. पुठ्ठा कुणी इस्त्री करतं का? त्याने केला होता. कापितोलिना टेबलामागे उभी राहिली. समोर तीच जुनी इतिवृत्ताची वही, शेजारी पिवळं पाकीट.

"पहिला ठराव," ती म्हणाली. "शाखा पुन्हा स्थापन करणे." एकतीस हात वर गेले, त्यात येरेमेयचाही होता. कुणीतरी नाक शिंकरलं आणि तिने तेही टिपलं.

"दुसरा ठराव. त्या चौघांची नावं या पाकिटात आहेत. त्यांना शाखेत पुन्हा प्रवेश नाही. ठरावाच्या बाजूने?"

हात वर गेले. तिने पेन्सिलीच्या टोकाने मोजले, एकदा, आणि पुन्हा एकदा.

"तीस," ती म्हणाली. "एक कमी आहे. येरेमेय, झोपलास का?"

येरेमेय मागच्या बाकावरून उठला.

"मी जागा आहे, कापा. त्या चौघांतला एक मी आहे."

"काहीतरी बरळू नकोस. खाली बस."

"फाइलवाला आला तेव्हा मी कोबी चिरत होतो. त्याने विचारलं आणि मी नाही म्हणालो. कशाला म्हणालो ते मलाही... तोंडातून निघून गेलं. मागे धावलो, पण गाडी गेली होती. अवेर्यान लुकिचचा काही संबंध नाही. मी सहा वर्षं गप्प बसलो." त्याने वहीकडे बोट दाखवलं. "हे लिही. जसंच्या तसं लिही."

कापितोलिनाने त्याच्याकडे पाहिलं आणि मग खाली बसून लिहू लागली. पेनाचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. लिहून झाल्यावर ती उठली.

"सभा पंधरा मिनिटं तहकूब," ती म्हणाली. "कारण, सचिवांना माफी मागायला जायचं आहे." तेही लिहिलं, मग रुमाल बांधून बाहेर पडली.

सगळी सभा खिडकीला चिकटली. ती रस्ता ओलांडून अवेर्यानच्या दाराशी गेली. दार उघडलं. ती काही बोलायला लागली तर त्याने हात वर करून तिला थांबवलं.

"काय चाललंय?" मागून कुणीतरी विचारलं.

"उंबऱ्यावरून बोलायचं नाही म्हणतोय," पुढच्या बाईने सांगितलं. "अपशकुन होतो. आत ये म्हणतोय."

ती आत गेली. पंधरा मिनिटं होऊन गेली, वीस झाली. येरेमेय एकटाच बाकावर बसून होता. त्याच्याकडे कुणी पाहत नव्हतं, आणि त्याला ते बरं वाटत होतं. मग दोघं बाहेर आले. अवेर्यानच्या डोक्यावर कप्तानाची टोपी होती आणि काखेत एक फळी. ती त्याने प्रतीक्षाखोलीतल्या टेबलावर ठेवली तेव्हा खोलीभर आंबूस वास पसरला. फळीवर चिमणी होती, छाती फुगवलेली, चोच वर केलेली.

"सरकारी माणसं पाटी काढायला आली त्याच्या आदल्या रात्री मीच काढून नेली," अवेर्यान म्हणाला. "कुठे लपवायची? कोबीच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवली. वर दगड ठेवला. पाखरू सहा वर्षं दगडाखाली होतं, पण बघा, चोच शाबूत आहे. आणि कोबीही असा झाला म्हणता!"

लोक हसले, कुणी डोळे पुसले. मग तो येरेमेयकडे वळला.

"ते मासे तू ठेवायचास?"

"हो."

"तरीच. खलाशी इतके बारके मासे आणत नाहीत." त्याने टोपी टेबलावर ठेवली. "माझी सूचना लिहा, कापितोलिना साव्विश्ना. दुसरा ठराव मागे घ्यावा आणि येरेमेय तिखोनोविचला नवा सदस्य म्हणून घ्यावं. नवा, म्हणजे यादीत सगळ्यात शेवटी. आणि पाकीट उघडू नका. उरलेल्या तिघांनी आपल्या पायांनी यावं."

हात वर गेले. कापितोलिनाने मोजले. "बाजूने तीस. विरोधात कुणी नाही." तिने पेन उचललं. "तटस्थ एक. सचिव." आणि तिने ते लिहिलं.

उरलेल्या तिघांतले दोघे आठवडाभरात मान खाली घालून आले. तिसरा वारला होता. प्रतिनिधी म्हणून सभेने कापितोलिना आणि अवेर्यान यांना निवडलं, आणि पाटी पुन्हा दारावर चढली.

घरी मात्र कापितोलिना तीन आठवडे तारेतच बोलली. 'येर्योमा' ही लाडाची हाक तर बंदच झाली. "सूप आहे." "पाऊस येईल." "दार लाव." येरेमेयने त्याबद्दल एक शब्द काढला नाही. हा राग आपणच कमावलेला आहे, हे त्याला ठाऊक होतं.

मॉस्कोला निघायचा दिवस उजाडला. बोट अकराला होती. अवेर्यान टोपी घालून, दाढी करून आला. कापितोलिनाने सामान दाराशी ठेवलं आणि प्रवासाला निघण्यापूर्वी बसायचं असतं तशी तिघं गप्प बसली, ती पिशवीवर, अवेर्यान स्टुलावर, येरेमेय पेटीवर. एवढ्यात दार वाजलं.

खिडकीतून दिसलं, शहरी कोट, काखेत फाइल. माणूस दुसरा होता, पण फाइल तीच असावी असं येरेमेयला वाटलं. अवेर्यान उठू लागला तर कापितोलिनाने त्याची बाही धरली. ती स्वतःही उठली नाही. जमिनीकडे बघत बसून राहिली.

येरेमेयने दार उघडलं. जीभ सत्तर वर्षांच्या सवयीने एकाच शब्दाभोवती फिरत होती. या वेळी त्याच्या होकारावाचून कुणाचं काहीही अडत नव्हतं. देशात सदस्य हवे त्याहून कितीतरी जास्त झाले होते.

"लहान शहरांच्या पक्षाची शाखा-पडताळणी," माणूस म्हणाला. "तुम्ही..."

"आधी आत या," येरेमेय म्हणाला. "उंबऱ्यावर नको."

माणूस गोंधळून आत आला. येरेमेयने त्याच्यामागे दार लावलं, सदरा खाली ओढला आणि ताठ उभा राहिला.

"आता विचारा."

"तुम्ही सदस्य आहात का?"

"आहे," येरेमेय इतक्या मोठ्याने म्हणाला की फडताळातल्या बश्या वाजल्या. "येरेमेय तिखोनोविच. चिमण्यांच्या पक्षाचा सदस्य. यादीत शेवटचा. लिहा!"

"लिहितो, आजोबा. एवढं ओरडायला नको."

"का नको?" येरेमेय म्हणाला. "माझ्या आजोबांनीही मोठ्यानेच सांगितलं होतं."

माणसाने एक रेघ मारली, सही घेतली आणि गेला. बाहेर धक्क्यावर बोटीचा भोंगा वाजला. कापितोलिनाने पिशवी उघडली, तळातून इतिवृत्ताची वही काढली, पेन शोधलं आणि गुडघ्यावर वही ठेवून त्या सभेचं पान उघडलं. 'तटस्थ एक' या शब्दांवर तिने एक सरळ, जाड रेघ मारली, वर 'बाजूने एकतीस' असं लिहिलं आणि शेजारी आपली सही केली.

"तारेत खाडाखोड नसते ना गं?" येरेमेय हळूच म्हणाला.

"नसतेच," कापितोलिना म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "चल, पिशवी उचल, येर्योमा. बोट चुकेल."